कर्कश भाद्रपद

काल गल्लीच्या तोंडाशी पुन्हा स्पीकरची खोकी रचली. एकावर एक, पार पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत. वायरी जोडून झाल्या, कुणीतरी माईकवर टिचक्या मारल्या, आणि ओट्यावर ठेवलेल्या ताकाच्या पातेल्यात बारीक वर्तुळं उठली. ते खालचं धडधडणं मी सोसू शकते. छातीवर कुणी उशी आपटावी तसं ते असतं. पण त्याच्यावरून जो बारीक, पत्र्यासारखा आवाज येतो तो थेट दातांच्या मुळाशी जातो. मी खिडक्या लावल्या, फटींत जुने टॉवेल कोंबले. शेजारच्या वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "तुम्हाला काय हो, तुमची अर्धी हयात स्पीकरच्या कारखान्यात गेली. तुम्हाला तर मजाच वाटत असेल."

मी हसले आणि दार लावून घेतलं. सणासुदीला कुणाला सांगायचं की भाद्रपद आला की मला शिसारी येते? देवाबद्दल माझी तक्रार नाही. आवाजाबद्दलसुद्धा फारशी नाही. निव्वळ कानांची शिसारी असती तर कापसाच्या दोन बोळ्यांनी भागलं असतं.

नव्वदीच्या दशकाच्या मधली गोष्ट आहे. मी मूळची निपाणीची. तंबाखूच्या वखारींच्या वासात वाढलेली, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा पहिल्या वर्गात काढलेली, आणि त्या पहिल्या वर्गाचा चांगलाच माज असलेली. बेंगळूरला यशवंतपुरात लाऊडस्पीकर बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात नोकरी लागली. पलीकडेच कांद्या-बटाट्यांचा घाऊक बाजार. सडलेल्या कांद्याचा वास, खोक्यांना रेक्झिन चिकटवायच्या गोंदाचा गोडसर वास आणि ओल्या प्लायवूडचा आंबूस वास, हे तिन्ही मिळून माझ्या ओढणीला जो वास यायचा तो साबणाने जायचा नाही. तिथला पाऊस धो धो पडून मोकळा होत नाही. तो नुसता ठिबकत राहतो. गोंद वाळत नाही, कागदी पडद्यांवर बुरशीचे ठिपके उमटतात. सुरुवातीला माझ्याकडे दुरुस्तीचं काम होतं. मागच्या हंगामात मांडवांतून फिरून आलेली खोकी उघडायची. एकात सुकलेल्या झेंडूचा चिखल, एकात पानाच्या पिचकाऱ्या, एकात तर पडद्याचा कागद कुरतडून उंदरिणीने बाळंतपण उरकलेलं. ती गुलाबी, आंधळी पिल्लं हाताला लागली त्या दिवशी मी डबा तसाच परत नेला. आमचे मालक, त्यांना आम्ही सर म्हणायचो, ते मूळचे पुण्याचे. ते त्याच टेबलावर बिसिबेळे भात खात बसले होते. बोटं चाटत म्हणाले, "अगं शैला, सवय होते. ऑकेजनली एखादा साप पण निघतो."

राहायला मी राजाजीनगरात होते, वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत. खाली घरमालक तुकोजीराव आणि त्यांची बायको. तीन-चार पिढ्यांपूर्वी बेंगळुरात आलेलं मराठी घर. त्यांच्या मराठीत अर्धं कानडी मिसळलेलं. सगळा रस्ता त्यांना अण्णा आणि अक्का म्हणायचा, मीही तेच म्हणू लागले. अण्णा एका टेलिफोन बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर तांब्याच्या तारांची वेटोळी गुंडाळली, आणि शेजारच्या पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांचा धडधडाट कानावर घेत गुंडाळली. घरी मात्र त्यांचा छंद एकच, हाताने स्पीकर करायचे. पुढच्या खोलीत सुतारकामाची पट्टी, लाखेचा वास, दोऱ्याच्या लाकडी रिळांवर गुंडाळलेल्या कॉईल. त्यांनी बनवलेली खोकी राजाजीनगरातल्या दोन शाळांत होती, एका भजनी मंडळात होती, आणि त्यांच्या नावाला त्या भागात वजन होतं.

रोज संध्याकाळी कामावरून आले की मी त्यांच्याजवळ जाऊन बसायची. स्पीकरच्या खोक्यात दोन तोंडं असतात, एक मोठं, एक लहान. मोठं तोंड तबल्याचा डग्गा म्हणतं, लहान तोंड झांजा म्हणतं. दोघांनाही सगळंच म्हणायला लावलं तर मोठं बोबडं बोलतं आणि लहान जळून जातं. म्हणून आत एक छोटं सर्किट बसवायचं. त्याला वेगळी वीज लागत नाही. कॉईल बारीक आवाजाला मोठ्या तोंडाकडे जाऊ देत नाही, कपॅसिटर जाड आवाजाला लहान तोंडापासून अडवतो. दुकानात त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. अण्णा वाटणी म्हणायचे. "वाटणी नीट झाली की घरात भांडण नाही," हे त्यांचं वाक्य.

मी पहिल्याच आठवड्यात कागदावर सूत्र मांडून त्यांना सर्किट काढून दाखवलं. आठ ओहमचा स्पीकर, सेकंदाला तीन हजार कंपनांवर वाटणी, इतकी कॉईल, इतका कपॅसिटर. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद पाहिला आणि स्पीकरच्या मागच्या बाजूला छापलेला आकडा बोटाने दाखवला.

"हे आठ कुणी लिवलं?"

"कंपनीने."

"स्पीकरला वाचता येत नाही गे पोरी. त्याला कुठं ठाऊक आपण आठ आहोत म्हणून?"

मग त्यांनी मीटर लावून दाखवलं. आवाज जसजसा बारीक होत जाई तसतसा तो आठाचा आकडा वाढत जाऊन वीस-बावीसला पोचला. माझं सूत्र त्या आठावर उभं होतं. ते कोसळलं. त्यावरचा उपायही त्यांनीच शिकवला, मोठ्या तोंडाला समांतर एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर, म्हणजे ते तोंड शहाण्यासारखं आठावर राहतं. लहान तोंडाच्या वाटेत आणखी एक रेझिस्टर, कारण लहान तोंड, म्हणजे ट्वीटर, जात्याच आगाऊ, त्याला थोडं दाबावंच लागतं. आणि तीन हजारांच्या आसपास फार जपायचं, कारण तिथे माणसाची अक्षरं फुटतात. स, श, च तिथे जन्मतात. तिथे चूक झाली तर 'शंकर' आणि 'संकर' यांत फरक उरत नाही. अण्णा डोळे मिटून ऐकायचे. एखादी अडचण आली की कॉईलचे दोन वेढे उलगडायचे, पुन्हा डोळे मिटायचे. कॉलेजच्या तीन वर्षांत मला जे कुणी शिकवलं नव्हतं ते मी त्या लाखेच्या वासात शिकले. या सगळ्यात स्वच्छ असं काही असेल तर ते तेवढंच होतं.

आषाढात सरांनी मला बोलावलं. गणपतीसाठी नवीन खोकं काढायचं होतं. बेंगळुरातले गणपती अकरा दिवसांत आटपत नाहीत. या कोपऱ्यावरचे गेले की त्या कोपऱ्यावरचे बसतात, दिवाळी येईपर्यंत चालतं. मी मोठ्या उत्साहाने अण्णांचं नाव सांगितलं. सर दुसऱ्याच दिवशी राजाजीनगरात हजर. अक्कांच्या हातची कॉफी प्यायली, जुन्या खोक्यांवरून हात फिरवला, आणि म्हणाले, "अण्णा, खरे इंजिनिअर तुम्ही. आम्ही नुसते डिग्रीवाले. एक सॅम्पल जोडी करून द्या, तुमच्या नावाने काढतो."

अण्णांचा चेहरा असा उजळला की मला संकोच वाटला. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे कुणी काही मागितलंच नव्हतं. ते तीन आठवडे खपले. मी कॉईलचे वेढे मोजायला बसले, अक्का लाख उकळून देत होत्या. श्रावणातल्या एका रविवारी सकाळी जोडी तयार झाली. अण्णांनी सनईची कॅसेट लावली आणि मी चमकले. सनई नव्हतीच ती. काचेवर खिळा ओढल्यासारखा आवाज होता. शेजारी त्यांचीच दहा वर्षांपूर्वीची जोडी होती, तिच्यात हीच कॅसेट लोण्यासारखी वाजायची.

"अण्णा, जरा टोचतंय का?"

"टोचत न्हाई. मोकळं झालंय. रेझिस्टर काढला मी. आजकाल सगळंच दबल्यासारखं वाटतंय बघ, ट्वीटर हल्लीचे बरे येत नाहीत."

मला शंका आली. दुसऱ्या दिवशी मी कारखान्यातून आवाज काढायचं यंत्र पिशवीत घालून आणलं. एक बटण फिरवायचं, की हव्या त्या उंचीचा सूर स्पीकरमधून निघतो. अण्णांना म्हटलं, "गंमत करू या. सूर ऐकू आला की बोट वर करा." त्यांनी नेहमीसारखे डोळे मिटले. हजारावर बोट लगेच वर गेलं. दोन हजारांवर गेलं. तीन हजारांवर जरा उशिरा गेलं. मी बटण पाच हजारांवर नेलं. ट्वीटर किंचाळायला लागला. मी आवाज वाढवला, आणखी वाढवला. स्वयंपाकघरातून अक्का दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून दारात आल्या. आणि खुर्चीत अण्णा डोळे मिटून, शांत, बोट मांडीवर ठेवून बसलेले.

"सुरू कर की," ते म्हणाले.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नको. मी बटण बंद केलं.

"वायर सुटली होती अण्णा," मी म्हणाले. माझं पहिलं खोटं.

नंतर अक्का मला मागच्या धुण्याच्या दगडापाशी घेऊन गेल्या. "मला दोन वर्षं झाली ठाऊक," त्या हळू म्हणाल्या. "कुकरची शिट्टी त्यांना येत नाही. दारावरची घंटी येत नाही. पण बोलणं येतं. मग मी सांगून काय करू? ते कान आहेत म्हणून ते आहेत, पोरी. तू बोलू नको. मला शब्द दे."

मी शब्द दिला. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले, की मी अक्कांना शब्द दिला होता. आज वयाच्या ज्या टोकाला मी उभी आहे तिथून ते धादांत खोटं दिसतं. अक्कांना दिलेला शब्द पाळूनही मला जे करता आलं असतं ते सोपं होतं. वाटेत एक रेझिस्टर. दोन टाके सोल्डरचे. अण्णांना कळलंही नसतं. ते ठरवूनच मी दुसऱ्या दिवशी रिक्षात सॅम्पल जोडी घालून यशवंतपूर गाठलं. पण मी सोल्डरिंग आयर्न तापवत होते तेवढ्यात सर आले आणि त्यांनी खोकं लावलं. कारखान्यातली सगळी माणसं दचकून वळली. बाहेर हमाल थांबून बघायला लागले. सरांच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं.

"हेच! हेच पाहिजे मला. ट्रॅफिकमधून कापत जाईल. शेजारचा मांडव ऐकूच येणार नाही."

"सर, यात एक रेझिस्टर राहिलाय—"

"राहू दे. आणि ही एवढी मोठी कॉईल कशाला? किलोभर तांबं आहे. काढून बघ."

मी काढलं. मोठं तोंडही आता बारीक आवाज ओकायला लागलं, आणि दोन्ही मिळून असा कालवा झाला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सरांना ते आणखी आवडलं. तीन आठवडे गुंडाळलेली कॉईल त्यांनी बाकड्याखालच्या भंगाराच्या टोपलीत टाकली. उरला एक कपॅसिटर, तोही स्वस्तातला. अण्णांच्या वाटणीतलं एवढंच शिल्लक. आणि मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "शैला, हंगाम चांगला गेला की तुला डिझायनर करू. दुरुस्ती बंद. वेगळं टेबल, वेगळी खोली."

उंदरांची पिल्लं परत हाताला लागणार नाहीत, एवढंच माझ्या मनात आलं. मी "हो सर" म्हणाले. लख्ख आठवतं. माझ्या तोंडाला गोंदाची चव होती.

खोक्यांवर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लागली. 'तुकोजी', कानडीत आणि इंग्रजीत. एक पट्टी मी अण्णांना नेऊन दिली. त्यांनी ती धोतराच्या सोग्याने पुसली, देवघरात ठेवली, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताखाली मी कशी उभी राहिले कोण जाणे.

भाद्रपद आला. त्या वर्षी राजाजीनगर, महालक्ष्मीपूर, यशवंतपूर, जाल तिथे ती खोकी. सकाळी सातपासून सुरू. रिमझिमीत रस्त्यावर गुलाल आणि शेण एक होऊन लाल-हिरवा राडा झालेला, आणि त्यावरून तो पत्र्याचा आवाज. तान्ही मुलं रडायची. कुत्री शेपूट घालून गटाराच्या फरशीखाली शिरायची. बसथांब्यावर माणसं बोलणं थांबवून एकमेकांच्या ओठांकडे बघायची. अण्णा मात्र इस्त्रीचा सदरा घालून रोज मांडवामांडवांतून फिरून यायचे. मुलं त्यांना खुर्ची द्यायची, प्रसाद द्यायची. "अण्णा, तुमचा सौंड सूपर," म्हणायची. घरी येऊन ते मला सांगायचे, "किती मऊ वाजतंय ऐकलीस का? माणसाचा गळा कसा पुढं येतोय!" खरंच, त्यांना तो मऊच ऐकू येत होता. वरचं सगळं त्यांच्यासाठी नव्हतंच. आमच्या कोपऱ्यावरच्या मांडवाचं खोकं त्यांच्याच दाराकडे तोंड करून होतं. अक्का दिवसभर कानात कापूस घालून, कपाळाला फडकं बांधून पोळ्या लाटायच्या. त्यांना उलट्या व्हायला लागल्या होत्या. पित्त झालंय, म्हणायच्या. मी माझ्या वेगळ्या टेबलाची वाट बघत होते. अक्कांकडे मी बघायचं टाळायची.

मला कधीकधी वाटतं, किळस ही भावना फार प्रामाणिक आहे. रागात आपण खोटं बोलू शकतो, दुःखाचं नाटक करू शकतो. किळस मात्र पोटातून येते, तिला कारण द्यावं लागत नाही. पण तिचीसुद्धा सवय होते. सर म्हणाले होते ते खरंच होतं.

आमच्या कोपऱ्यावरच्या मंडळाने एका संध्याकाळी, आरतीच्या आधी, अण्णांचा सत्कार ठेवला. कल्पना सरांची. शाल, फळांची परडी, म्हैसुरी फेटा. रस्ता माणसांनी भरलेला. अक्का पहिल्या रांगेत, शेजारी मी. सरांनी भाषण केलं, मग माईक अण्णांच्या हातात दिला. अण्णांना माईकची सवय नव्हती. ते तो घेऊन दोन पावलं पुढे आले, थेट खोक्यासमोर.

ज्यांनी हे काम केलंय त्यांना ठाऊक आहे, माईक स्पीकरसमोर आला की काय होतं. स्पीकरचा आवाज माईकमध्ये, माईकचा स्पीकरमध्ये, आणि खोकं ज्या उंचीवर सगळ्यात आगाऊ असेल त्या उंचीवर शिट्टी धरतं. आमचं खोकं कुठे आगाऊ होतं ते मला चांगलंच माहीत होतं. शिट्टी उठली. सुईसारखी, भयंकर. सगळ्या रस्त्याने एकदम कानांवर हात नेले. म्हातारी माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, पूजेला बसलेले भटजी, सर, सगळे. अक्कांनी. मी. तोंडं वेडीवाकडी झालेली, डोळे मिटलेले. आणि मधोमध फेटा बांधलेले अण्णा, माईक हातात घेऊन, हसत, बोलत होते.

"आपल्या सगळ्यांचा आभार…"

मग ते थांबले. त्यांनी समोर पाहिलं. शेकडो माणसं कान झाकून उभी. त्यांनी वळून खोक्याकडे पाहिलं. माईककडे पाहिलं. मग अक्कांकडे. अक्कांनी घाईघाईने कानांवरचे हात खाली घेतले, पण तोवर उशीर झाला होता. अण्णांनी मग माझ्याकडे पाहिलं. माझे हात कानांवरच होते. ते काढण्याइतकंही भान मला राहिलं नव्हतं. ती नजर मी विसरू शकत नाही. तिच्यात राग नव्हता. यंत्रात बिघाड शोधताना ते एकेक जोड तपासत जायचे, तशी ती माझ्यापर्यंत आली आणि थांबली.

कुणीतरी वायर खेचली. अण्णांनी शाल खांद्यावरून काढून घडी घातली, खुर्चीवर ठेवली, आणि घरी चालत गेले.

मी मागोमाग गेले. ते पुढच्या खोलीत बसले होते.

"किती दिवस ठाऊक आहे तुला?"

"श्रावणापासून."

"ती वायर सुटली नव्हती तर."

"नाही."

अक्का दारात रडत होत्या. "मीच तिला सांगितलं होतं, बोलू नको म्हणून," त्या म्हणाल्या.

"तू गप्प राहिलीस ते माझ्यासाठी," अण्णा अक्कांना म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू कुणासाठी राहिलीस?"

ते उठले, पेचकस घेतला आणि कोपऱ्यावरच्या मांडवात परत गेले. मंडळाची मुलं "काय झालं अण्णा?" करत भोवती जमली. त्यांनी खोक्याची मागची फळी उघडली आणि आत हात घातला. बराच वेळ चाचपत राहिले.

"माझी कॉईल कुठं आहे?"

त्या वेळी मला खरंखुरं ओकायला झालं. मी मांडवामागे जाऊन भिंतीला धरून उभी राहिले.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा घरातले सगळे रेझिस्टर आणि जुन्या कॉईल पिशवीत भरून निघाले. मांडवोमांडवी. कानांनी कळत नव्हतं, म्हणून आठवणीवर, मीटरवर. मी बरोबर येते म्हटलं. ते नको म्हणाले. आठ दिवस हिंडले. कुणी हात लावू देईना. "अण्णा, फर्स्ट क्लास आहे, कशाला बिघडवता?" पलीकडच्या मंडळाच्या पुढाऱ्याने तर दंड धरून त्यांना बाहेर काढलं, आवाज कमी करायला विरोधी पार्टीने पाठवलं म्हणून. एवढ्या मोठ्या वस्तीत एकाही माणसाने म्हटलं नाही की हो, हे ऐकवत नाही, करा बाबा दुरुस्त. सगळ्यांनी कानांवर हात नेले होते आणि सगळे परत नाचायला लागले होते. फक्त आमच्या कोपऱ्यावरच्या मुलांनी, त्या सत्काराची लाज वाटून असेल, त्यांना खोकं सुधारू दिलं. दोन दिवस तिथे माणसाच्या गळ्यासारखा आवाज आला. अक्का दोन दिवस नीट जेवल्या. तिसऱ्या दिवशी कुणीतरी आमच्याच कारखान्यातला माणूस बोलावून कॉईल कापून टाकली. ती कापायला मी गेले नव्हते, पण कुठे कापायची ते मला विचारून गेला होता.

सरांना मी एकदा म्हटलं, नावाची पट्टी तरी काढू या. ते म्हणाले, "अगं, नाव चालतंय. त्यांना वाईट वाटतंय तर पुढच्या वर्षी दुसरं देऊ." मी नोकरी सोडली नाही. पुढे तिथेच मोठी झाले, अशी कितीतरी खोकी काढली. लोकांना तेच हवं असतं, हे वाक्य मी सभांमधून आत्मविश्वासाने बोलत आले आहे. आज टॉवेल कोंबलेल्या खिडकीआड बसून मी रस्त्यावरच्या पोरांना शिव्या देते, तेव्हा माझ्या शिव्यांना आंबूस वास येतो. तो मलाच येतो, इतकंच.

अण्णांनी मला खोली सोडायला सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "वर राहा. ह्या खोलीत येऊ नको." मी सहा महिने वर राहिले. खालून काही आवाज यायचा नाही. मग मी एका मैत्रिणीच्या भाड्याच्या घरात राहायला जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी सकाळी किल्ली द्यायला खाली उतरले, तर पुढच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं.

आत नवीन जोडी मांडलेली. समोर, जिथे अण्णा नेहमी बसायचे त्या खुर्चीत, अक्का. नऊवारीचा पदर गुडघ्यांवर नीट घेऊन, फोटो काढायला बसावं तशा ताठ. अण्णा त्यांच्या पायांशी जमिनीवर, हातात कॉईल, शेजारी सोल्डरिंग आयर्न तापलेलं. सनई चालू होती.

"कसं वाटतं?" अण्णांनी विचारलं.

"चांगलं आहे."

"चांगलं म्हणू नको. सांग."

अक्का एकदम, चिडूनच, म्हणाल्या, "टोचतं. पहिल्यापासून टोचतंय. चाळीस वर्षं ह्या घरात मी तुमचे स्पीकर ऐकते, एकदा तरी विचारलंत मला?"

अण्णांनी वर पाहिलं. त्यांनी कॉईलचं टोक धरलं, दोन वेढे गुंडाळले, टाका मारला.

"आता?"

"अजून स्वल्प कमी."

त्यांनी पुन्हा आयर्न उचललं. मी किल्ली पायरीवर ठेवली आणि फाटकाची कडी न वाजवता बाहेर पडले.